मधलं मत म्हणजे कुठलं गं?

ये, बस इथं. तुरी निवडता निवडता बोलू.

दुपारी मुलानं मुलाशी, मुलीनं मुलीशी लग्न करण्याचा विषय निघाला आणि तू काकांना म्हणालीस, "माझं मत मधलंच आहे." सुटलीस! पण मधलं म्हणजे कुठलं गं?

६ सप्टेंबर २०१८ पर्यंत असा संबंध हाच गुन्हा होता. तेव्हा 'तुरुंगात टाकू नका' एवढं म्हणणाराही पुढारलेला ठरायचा. आज तेवढं तर कुणीही म्हणतं. म्हणजे मध्य सरकतो बघ.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं, की लग्न हा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क नाही. पण अशा जोडप्याच्या नात्याला निदान कायद्याची ओळख द्यावी का? दोघे हो म्हणाले, तिघे नाही. तिथंही मधलं एकच नव्हतं.

सरकारनं कोर्टात या मागणीला शहरी उच्चभ्रूंचा विचार म्हटलं होतं. मला विचारशील, तर आपल्या मादन हिप्परग्यात अशी लेकरं जन्मत नाहीत का? जन्मतात, आणि गप्प बसतात. पुढं २०२४ मध्ये त्याच सरकारनं राज्यांना कळवलं, की रेशनकार्डासाठी अशा जोडप्याला एकाच घरातलं धरा. बँकेत जोडखातं काढायला, जोडीदाराला खात्यावर नॉमिनी म्हणून नेमायलाही आडकाठी नाही म्हणाले. काकांना हे सांग, ते चपापतील.

सुप्रिया सुळेंनी २०२२ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, ते अशा जोडप्यांसाठी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात बदल करायला. म्हणजे नोंदणीचं लग्न. त्यात कुठल्या स्वामींना, भटजींना, काझींना बोलवायची सक्ती नाही. मला तर हेच मधलं वाटतं.

बसवकल्याण आपल्याला काही परकं नाही. तिथं फार पूर्वी ब्राह्मण मधुवरसांची लेक हरळय्या चांभाराच्या घरी सून म्हणून दिली, म्हणून दोन्ही बापांना देहदंड झाला, असं सांगतात. तेव्हाही कुणी शहाणं म्हणालंच असेल, "जरा थांबा, लोक तयार नाहीत." आज आपण हरळय्यांना हात जोडतो. त्या शहाण्याचं नाव कुणाला आठवतं?

म्हणून उद्या काकांनी परत विचारलं, तर अंग चोरू नकोस. एवढंच सांग: देवासमोरचं लग्न ज्याचा त्याचा धर्म बघेल, रजिस्टरातली सही सरकारनं नाकारू नये.

आणि आवाज चढवू नकोस. काका ऐकतात, हळू बोललं की.