पांढऱ्या शर्टातली ती दोन मुलं

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे न्यूयॉर्कला गेलो होतो. जॅक्सन हाइट्सला भाजी आणायला निघालं की स्टेशनच्या जिन्यापाशी दोन मुलं हमखास दिसायची. पांढरा शर्ट, टाय, पाठीला सॅक, छातीवर नावाची काळी पट्टी. वय जेमतेम बारावी झालेल्या पोरांचं. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायला बघायची आणि लोक न थांबता पुढे जायचे. मुलगी म्हणाली, “बाबा, ते मॉर्मन मिशनरी.” ही मुलं येतात कुठून, त्यांना पैसे कोण देतं, आणि एवढ्या अफाट शहरात सुरुवातीचे दिवस कसे काढतात?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आधी पैशांचं सांगतो, कारण गैरसमज तिथेच जास्त. या मुलांना पगार नसतो, उलट खर्च त्यांच्याच घरून जातो. अमेरिकेतल्या मिशनरीच्या नावे पूर्वी महिन्याला ४०० डॉलर भरावे लागत, जुलै २०२० पासून ५०० भरावे लागतात. नेमणूक न्यूयॉर्कला होवो की ग्वाटेमालातल्या एखाद्या खेड्यात, रक्कम तीच. सगळ्यांचे पैसे एकत्र होतात आणि जिथे जसा खर्च तसे वाटले जातात. पुष्कळ घरांत मूल लहान असल्यापासून यासाठी पैसे बाजूला टाकतात, आणि मुलंही सुट्टीत कामं करून भर घालतात.

या मॉर्मन मंडळींच्या संस्थेचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. मुख्यालय युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला. स्थापना मात्र न्यूयॉर्क राज्यातच झाली, ६ एप्रिल १८३० रोजी, फेएट गावी. संस्थापक जोसेफ स्मिथ. त्याचा धाकटा भाऊ सॅम्युअल त्याच वर्षी ‘बुक ऑफ मॉर्मन’ या त्यांच्या धर्मग्रंथाच्या प्रती पाठीवर घेऊन गावोगाव निघाला. आज असे ७०,००० हून अधिक तरुण-तरुणी जगभर फिरत आहेत. मुलगे दोन वर्षं जातात, मुली दीड वर्ष. मुलग्यांसाठीची वयाची अट २०१२ मध्ये १९ वरून १८ वर आली, त्यामुळे तुम्हाला ती जेमतेम बारावी झालेली वाटली यात नवल नाही.

कुठे जायचं हे मुलाच्या हातात नसतं. अर्ज भरायचा आणि वाट पाहायची. पूर्वी मोठं पांढरं पाकीट टपालाने यायचं आणि सगळं घर गोळा करून ते फोडलं जायचं. आता कळतं ऑनलाइन, पण घर अजूनही गोळा होतंच. मग प्रशिक्षण. त्याचं मोठं केंद्र युटातल्या प्रोव्हो गावी आहे. न्यूयॉर्कला पाठवतात म्हणजे इंग्रजीतच काम, असंही नाही. शहराच्या क्वीन्स भागात स्पॅनिश बोलणारी वस्ती प्रचंड, म्हणून कित्येकांना सहा-सात आठवडे स्पॅनिश शिकवून धाडतात. वर्गात सावकाश बोलणारे शिक्षक असतात. इथे जिन्याखाली फळं विकणारी इक्वेडोरची बाई जे बोलते, त्यातला पहिल्या दिवशी एखादा शब्द पकडता आला तरी पुष्कळ.

तुम्ही विचारलेल्या पहिल्या दिवसांची खरी मेख पुढेच आहे. शहराच्या गर्दीची भीती चार दिवसांत मोडते. अवघड असतं ते एका परक्या मुलाबरोबर चोवीस तास राहणं. विमानतळावर तिथले मिशन प्रमुख आणि त्यांची पत्नी नव्या मुलांना घ्यायला येतात. मग जोडीदार ठरवून दिला जातो. पहिला जोडीदार थोडा जुना झालेला असतो आणि पहिले बारा आठवडे नवख्याला तयार करणं हे त्याचं काम. ‘जुना’ म्हणजे कधी कधी अवघा वर्षभर आधी आलेला, एकोणीस वर्षांचा. दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात राहायचं. झोपायचं एका खोलीत, वेगवेगळ्या पलंगांवर. एकट्याने कोपऱ्यावर दूध आणायला जायचं नाही. एकमेकांना पहिल्या नावाने हाक नाही, मुलांना ‘एल्डर’, मुलींना ‘सिस्टर’ आणि पुढे आडनाव. पटलं नाही तरी जोडीदार स्वतः बदलता येत नाही. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात, त्यात सुटका झाली तर झाली.

ठरलेला दिनक्रम सकाळी साडेसहाला उठण्याचा. व्यायाम, न्याहारी, अभ्यास, आणि मग रस्ता. न्यूयॉर्कच्या बऱ्याच भागांत मोटारीचा उपयोग नाही. सबवे, बस आणि पाय. लिफ्ट नसलेल्या इमारतींचे चार-चार जिने चढायचे, बेल वाजवायची, आतून “कोण?” येतं, मग नुसती शांतता. युटातल्या ज्या गावात अर्ध्याहून अधिक शेजारी आपल्याच पंथाचे, तिथून आलेल्या मुलाला आपण अल्पसंख्य आहोत हे या जिन्यांवर पहिल्यांदा कळतं. याच शहरात ब्रॉडवेवर २०११ पासून ‘द बुक ऑफ मॉर्मन’ हे संगीतनाटक या मिशनरींचीच थट्टा करत हाऊसफुल चाललं आहे, हेही त्याच्या कानावर येतंच.

घरची आठवण येणारच. २०१९ पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदा, नाताळला आणि मदर्स डेला. त्या वर्षी नियम सैल झाला आणि आता आठवड्यातून एकदा, कपडे धुण्याच्या आणि वाणसामान भरण्याच्या दिवशी, आईबाबांशी व्हिडिओवर बोलता येतं. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत या चर्चने घेतलेला हा सर्वांत शहाणा निर्णय. अठरा वर्षांच्या मुलाचं मन कणखर व्हावं म्हणून त्याला आईच्या आवाजापासून तोडायची गरज नसते.

सुरुवातीला खचणं या परंपरेत जुनंच आहे. १८३७ मध्ये पार्ली प्रॅट नावाचा मिशनरी न्यूयॉर्क शहरात प्रचाराला आला. महिनोन्‌महिने खपूनही हाती जवळजवळ काही लागेना आणि शहर सोडायची तयारी झाली, तेव्हा कुठे माणसं येऊ लागली. १९३३ मध्ये तेवीस वर्षांचा गॉर्डन हिंकली इंग्लंडमधल्या प्रेस्टनला उतरला. मंदीचे दिवस, ऐकायला कोणी तयार नाही. त्याने वडिलांना लिहिलं की माझा वेळ आणि तुमचा पैसा, दोन्ही वाया जात आहेत. वडिलांचं उत्तर अगदी छोटं होतं : स्वतःचा विचार सोड आणि कामाला लाग. हाच हिंकली १९९५ मध्ये चर्चचा अध्यक्ष झाला आणि २००४ मध्ये मॅनहॅटनमधल्या, लिंकन सेंटरसमोरच्या मंदिराचं अर्पण त्याच्याच हस्ते झालं.

पण प्रत्येक मुलगा हिंकली नसतो. काही जण आजारपणाने किंवा मनाने खचून मुदतीआधी घरी परततात, आणि मिशनवर जाणं हे मुलग्यांचं धर्मकर्तव्यच मानणाऱ्या समाजात त्यांना फार अवघडल्यासारखं होतं. त्या मुलाला नापास ठरवणारी नजर मला अन्यायाची वाटते. सहा महिने रोज नकार पचवून परत आलेलाही काहीतरी मोठं करूनच आलेला असतो.

आपल्याकडेही हे पाहुणे फार पूर्वी येऊन गेले आहेत. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा मिशनरी मुंबईत उतरला, मग पुण्याला गेला. तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला कॅन्टोन्मेंटमध्ये प्रचार करायला मज्जाव केला. त्याच्या पदरी मूठभरच माणसं पडली आणि तो निघून गेला.

धर्मांतराचा प्रचार अनेकांना पटत नाही, आणि तुम्हालाही पटायलाच हवा असं नाही. पुढच्या खेपेला ती मुलं भेटली आणि तुम्हाला रस नसेल, तर तसं सरळ सांगा. नकार ऐकायची त्यांना सवय असते. ब्याद टळावी म्हणून खोटा पत्ता मात्र देऊ नका, कारण त्या पत्त्यावर ती खरोखर जिने चढून जातात. कुठून आलात, जेवलात का, एवढं विचारा. ऊन असेल तर गार पाणी द्या. चहा-कॉफी त्यांना धर्माने वर्ज्य आहे, त्याचा आग्रह तेवढा करू नका.