दिसत नाही, तर आहे कशावरून?

नऊ-दहा वर्षांचं मूल कुठलं तरी अवकाशाचं पुस्तक वाचून येतं आणि विचारतं, "कृष्णपदार्थ दिसतच नाही, मग तो आहे कशावरून?" अशा वेळी "मोठा झालास की कळेल" असं म्हणून मोकळे होऊ नका. मुलाचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर घरात दाखवता येण्याजोगं आहे.

कृष्णपदार्थ नेहमीच्या पदार्थाच्या साधारण पाचपट आहे. तो उजेड देत नाही, अडवतही नाही. ओढतो मात्र जबरदस्त. तो जिथे दाटतो त्या प्रचंड गोळ्याला हेलो म्हणतात. त्यात वायू ओढला जातो, थंड होतो, तारे जन्मतात, दीर्घिका आकार घेते. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी आपल्या शेजारच्या देवयानी दीर्घिकेचं फिरणं मोजलं आणि कडेचे भागही अपेक्षेपेक्षा वेगानं फिरताना दिसले, म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना ओढत होतं. पण अब्जावधी प्रकाशवर्षं दूरची दीर्घिका म्हणजे नुसता ठिपका. तिचा हेलो कसा तोलणार?

त्यासाठी पांढरे तीळ काढा. काळ्या कागदावर चिमूटभर तीळ उंचावरून भुरभुरवा. मग दुलईवर काळं कापड अंथरून बोटांनी खळगे करा, त्यावर तेवढेच तीळ टाका आणि हलकेच थोपटा. खळगे म्हणजे हेलो, तीळ म्हणजे दीर्घिका. आता मुलाला एकेक तीळ धरून, त्याच्यापासून बोटभर अंतरात आणखी किती आहेत ते मोजायला सांगा. कापडावरच्या जोड्या कागदावरच्यांपेक्षा जितक्या जास्त भरतील, तितकी दाटी जास्त.

शास्त्रज्ञही जोड्याच मोजतात. हवाई बेटांवरच्या मौना केआ पर्वतावरील यूकर्ट दुर्बिणीनं नव्या ताऱ्यांभोवतीच्या हायड्रोजनचा प्रकाश टिपला. मुळात तो लाल. विश्व प्रसरण पावत असल्यानं आपल्यापर्यंत पोचेतो अवरक्त झालेला. दुर्बिणीवरची गाळणी त्यातली एक अरुंद पट्टीच आत सोडते, म्हणून हाती लागलेल्या दीर्घिका जवळपास एकाच अंतरावरच्या असतात. गाळणी बदलली की वेगळ्या अंतरावरच्या दीर्घिका मिळतात; काहींचा प्रकाश तर दहा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. जड हेलो दुर्मीळ, आणि ते एकमेकांच्या आसपासच जमतात. म्हणून दाटी मोजली की वजनाचा अंदाज येतो. सात अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांत जिथे तारे जास्त वेगानं जन्मत होते, तिथे दाटीही जास्त निघाली. म्हणजे त्यांचे हेलो जड. अशा दीर्घिकांचे हेलो साधारण लाख कोटी सूर्यांच्या वजनाचे, आपल्या आकाशगंगेच्या हेलोच्या आसपासचे. मला स्वतःला हे फार सुंदर वाटतं: नुसतं मोजून अदृश्य गोष्टीचं वजन कळतं.

तीळ नसतील तर मोहरी घ्या, पांढऱ्या कापडावर. खळगे मुलाच्या नकळत करा, आणि मोजणी मात्र त्यालाच करू द्या. चुकला तरी मध्ये बोलू नका.