पाना फिरला, बोल्ट नाही

कोल्हापूर, रविवार

चि. ओंकार यास,


तू पाठवलेला फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. इंजिनच्या ऑइल चेंबरच्या बोल्टचं डोकं सुपारीसारखं गुळगुळीत केलंयस, लेका. फोनवर तू म्हणालास, ‘मामा, फिरतंय पण निघत नाही.’ काय फिरतंय, हे मी तीनदा विचारलं आणि तू तिन्ही वेळा चिडलास. पण सगळा रोग त्या एका उत्तरात असतो. पाना फिरतोय आणि बोल्ट जागेवर आहे, तर डोक्याचे कंगोरे गेलेत. बोल्ट फिरतोय आणि खाली येत नाही, तर इंजिनच्या आतले आटे गेलेत. पहिलं दुखणं दोनशे-चारशे रुपयांत आणि एका दुपारीत मिटतं. दुसऱ्याला लेथवाला लागतो. तुझं पहिलं आहे. ते दुसरं होऊ नये म्हणून हे पत्र.

आधी गाडीपासून लांब हो. ऑइल गळत नाहीये ना? मग घाई कसली? गाडी या बोल्टानिशी आठवडाभर चालेल. अगदीच ऑइल बदलायचं असेल तर वरच्या झाकणातून नळी सोडून पिचकारीनं बरंचसं ओढून काढता येतं. सगळं निघत नाही, पण वेळ निभावते. पाना पहिल्यांदा सटकतो तेव्हा डोक्याचं नुकसान थोडंच झालेलं असतं. बाकीचं आपण रागाच्या भरात, ‘आता निघेलच’ म्हणत करतो. तू किती वेळा हिसका दिलास ते मला सांगू नकोस, फोटोत दिसतंय.

आणि कुठल्या बाजूला दिलास? हा बोल्ट खालून वर बसलेला असतो. गाडीशेजारी उकिडवं बसून वरून बघितलं की डावं-उजवं उलटं होतं. बोल्टच्या डोक्यासमोर तोंड करून घड्याळाच्या उलट, तेव्हा तो ढिला होतो. वरून बघणाऱ्याला तेच घड्याळाच्या दिशेनं दिसतं. निम्मे बोल्ट लोकांनी काढता काढता आवळलेले असतात. मीही आवळलाय. 1991 साली मी गॅरेजात नवा होतो. मालक जेवायला गेलेले, समोर एक सीडी 100 मोटारसायकल. बोल्ट हलेना म्हणून पान्याला हातभर पाइप लावला आणि अंग टाकलं. एकदम मऊ लागलं. मला वाटलं, निघाला. बोल्ट हातात आला तेव्हा त्याच्याभोवती इंजिनचे आटे तारेच्या वेटोळ्यासारखे गुंडाळून आले होते. बोल्ट पोलादाचा, इंजिनचं घर अ‍ॅल्युमिनियमचं. भांडणात कोण हरणार हे ठरलेलं. मालक काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

आता तुझं काम. गाडी डबल स्टँडवर घे, आडवी पाडू नकोस, टाकीतलं पेट्रोल वाहील. बोल्टभोवतीचा चिखल रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं साफ कर. इंजिन चार-पाच मिनिटं चालू ठेवून बंद कर. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून पकड थोडी सैल होते. सायलेन्सरला हात लावू नकोस, हे सांगावं लागतंय कारण तू तुझ्या आईवर गेलायस.

तू वापरलेला रिंग पाना बारा कोनांचा होता. तो कंगोऱ्याच्या टोकाजवळ दाबतो. सहा कोनांची 17 ची गोटी, म्हणजे सॉकेट, सपाट बाजू धरते, तिला अजून पकडायला जागा मिळेल. डाव्या हातानं गोटी वर दाबून धर, उजव्यानं हळू जोर वाढव. झटका नको. तीही सटकली तर थांब, आणि 16 ची जुनी, बारा कोनांची गोटी हलक्या हातोडीनं डोक्यावर ठोकून बसव. हलक्या म्हणजे हलक्या, वर इंजिनचं घर आहे. नाहीच झालं तर कानशीनं डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू सपाट कर आणि लॉकिंग पक्कड आवळून लाव. छन्नीनं डोक्याच्या कडेला खाच पाडून उलट्या दिशेनं ठोकणं हा त्यापुढचा उपाय. डोक्यावर नट वेल्ड करणं हा शेवटचा. तो तू करायचा नाहीस. आत ऑइल, वर पेट्रोल, आणि तू हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये.

निघाला की तो बोल्ट परत लावायचा नाही. नवा बोल्ट, नवा वायसर. वायसर मऊ धातूचा असतो, तो दबून सील करतो, म्हणून दर वेळी नवा. पहिले चार-पाच आटे नुसत्या बोटांनी बसव. बोटांनी जात नसेल तर तिरका लागलाय, काढून पुन्हा लाव. शेवटचं आवळणं किती, ते गाडीच्या पुस्तकात बघ. अशा 12 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 30 न्यूटन मीटर धरतात. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला पंधरा किलोच्या आसपास जोर. एका हाताचं काम आहे, पाय लावायचा नाही.

आणि बोल्टबरोबर आटे बाहेर आलेच, तर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून किंवा एम-सील थापून गाडी हायवेला काढायची नाही. बोल्ट पडला तर ऑइल सरळ मागच्या चाकाखाली. गाडी टेम्पोत घालून इकडे पाठव. आपल्या उद्यमनगरात भोक मोठं करून, नवे आटे पाडून त्यात स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवून देतात. ते आटे मूळच्यापेक्षा मजबूत असतात. फक्त आटे पाडायच्या टॅपला ग्रीस लावायला सांग, म्हणजे कीस त्यात चिकटून बाहेर येतो, आणि शेवटी वरून थोडं ऑइल ओतून वाहू दे.

काळं ऑइल गटारात ओतू नकोस, डब्यात धर आणि ऑइलच्या दुकानात दे.

दाजींना मी काही सांगितलेलं नाही. गाडी त्यांची आहे, तूच सांग, शक्यतो बोल्ट निघायच्या आधी. तुझी आई बुधवारी पुण्याला येतेय, तिच्याबरोबर दोन्ही गोट्या पाठवतोय. 16 ची परत दिली नाहीस तरी चालेल, ठोकून तिचं काही राहणार नाही. 17 ची मात्र परत हवी.

तुझा,
मामा