कट्टी, गट्टी आणि सूरह अल्-हुजुरात

मदीना येथे आदरणीय उम्मे सुलैम (रजि.) यांच्या घरी अबू उमैर नावाचा एक लहान मुलगा होता. आदरणीय अनस (रजि.) यांचा हा धाकटा भाऊ. चिमणीएवढा एक पक्षी त्याने पाळला होता आणि त्याचा सगळा वेळ त्या पक्ष्याशी खेळण्यात जात असे. एके दिवशी प्रेषित मुहम्मद (स.) त्या घरी आले, तेव्हा मूल खिन्न बसलेले त्यांना दिसले. त्यांनी विचारपूस केली. पक्षी मेल्याचे घरच्यांनी सांगितले. तेव्हा प्रेषितांनी (स.) मोठ्या माणसांशी बोलणे तेवढ्यावर सोडून दिले नाही, त्या मुलालाच नावाने हाक मारली आणि त्याच्या पक्ष्याची चौकशी केली. अरबी भाषेत त्या पक्ष्याचे नाव आणि मुलाचे नाव यांचे यमक जुळते, म्हणजे त्या चौकशीत थोडा लाडही होता. बुखारी, मुस्लिम व अबू दाऊद या हदीससंग्रहांत हा प्रसंग आलेला आहे. चौथ्या हिजरी शतकातील विद्वान इब्नुल-कास यांनी तर या एवढ्याशा प्रसंगातून साठ बोध काढणारी स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

त्या साठांपैकी एकाच गोष्टीकडे येथे लक्ष वेधावयाचे आहे. ज्यांच्या खांद्यावर संपूर्ण उम्मतचा भार होता, त्यांना एका मुलाचे दुःख लहान वाटले नाही. आणि आपण? मूल शाळेतून येऊन सांगते, ‘‘आज माझ्याशी कुणी बोललेच नाही.’’ आपण उत्तर देतो, ‘‘तू अभ्यासाकडे लक्ष दे.’’ मोठ्यांच्या जगात कुणी आपल्याशी आठ दिवस बोलले नाही, तर आपली झोप उडते. मुलाचे जग म्हणजे त्याचा वर्ग, त्याचा बाक आणि मधल्या सुट्टीत डबा उघडून बसणारी चार-पाच मुले. तेथून ते वगळले गेले, तर त्याच्याजवळ उरते काय?

लहान मूल हे दुःख शब्दांत क्वचितच सांगते. सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखू लागते आणि रविवारी दुखत नाही. डबा न खाता परत येतो. काल ज्याच्या नावाशिवाय बोलणे संपत नव्हते, त्या मित्राचे नावच निघेनासे होते. अशा वेळी रागावण्याऐवजी जवळ बसून विचारणे ही सुन्नत आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.

आधी शहानिशा

माझी धाकटी मुलगी तिसरीत होती, तेव्हाची गोष्ट. आठवडाभर ती शाळेला जाताना रडत असे. अखेर तिने सांगितले की, तिच्या तिन्ही मैत्रिणींनी तिच्याशी कट्टी घेतली आहे. ती जवळ गेली की त्या कानात कुजबुजतात आणि ती दूर गेली की हसतात. माझा संताप अनावर झाला. त्यांपैकी एकीचे वडील माझ्या ओळखीचे होते. संध्याकाळीच त्यांच्या दारात जाऊन उभे राहावयाचे, असे मी ठरविले आणि चपला पायात घातल्या. पत्नी म्हणाली, ‘‘कालच तुम्ही मशिदीत सूरह अल्-हुजुरातचा दर्स दिलात ना? सहावी आयत काय सांगते?’’

सहावी आयत सांगते की, एखादी वार्ता कानी आली तर तिची शहानिशा करा. नाही तर अजाणता कुणाला इजा पोहोचवाल आणि मग पस्तावाल. तेथे वार्ता आणणारा फासिक आहे. माझी मुलगी अर्थातच फासिक नव्हती आणि ती खोटेही बोलत नव्हती. परंतु आठ वर्षांचे मूल जे सांगते, ते त्याच्या बाजूचे सत्य असते. मी चपला काढल्या.

दुसऱ्या दिवशी वर्गशिक्षिकांना भेटलो. त्यांनी जे सांगितले, ते ऐकण्याची माझी तयारी नव्हती. वर्गात त्या वर्षी एक नवी मुलगी आली होती. ती बोलताना अडखळत असे. माझ्या मुलीने तिला भर वर्गात ‘तोतरी’ म्हटले होते आणि एकदा नव्हे, अनेकदा. इतर मुली नव्या मुलीच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या मुलीला टाकले.

घरी येऊन मी विचारले, ‘‘हा शब्द तू कुठे ऐकलास?’’ ती सहज म्हणाली, ‘‘अब्बा, तुम्हीच तर त्या फळवाल्याला तोतऱ्या म्हणता.’’

टोपणनावाचा धडा

सूरह अल्-हुजुरात केवळ अठरा आयतींची आहे. तिची अकरावी आयत आपण किती वेळा वाचली असेल! एका समूहाने दुसऱ्याचा उपहास करू नये, कदाचित तो त्यांच्याहून श्रेष्ठ असेल. स्त्रियांनीही अन्य स्त्रियांचा उपहास करू नये. एकमेकांना टोमणे मारू नयेत. वाईट नावांनी पुकारू नये. उपहास पुरुषही करतात आणि स्त्रियाही, म्हणून दोघांचा उल्लेख वेगवेगळा आला आहे. आयतीच्या शेवटी, जे यापासून परतत नाहीत त्यांना अत्याचारी ठरविले आहे. टोपणनावासाठी इतका कठोर शब्द! आपल्या घरांत मात्र ‘जाड्या’, ‘काळी’, ‘टकल्या’, ‘लंगडा’ हे शब्द जेवताना, हसत हसत उच्चारले जातात. मूल ते मीठ-मिरचीसारखे उचलते आणि शाळेत नेते. शाळेत ते कुणाच्या तरी डोळ्यांत जाते.

आदरणीय अबूजर (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींकडूनही एकदा रागाच्या भरात एका माणसाला त्याच्या अरबेतर आईवरून हिणविले गेले. भाष्यकारांनी तो माणूस म्हणजे आदरणीय बिलाल (रजि.) होत, असे म्हटले आहे. प्रेषितांनी (स.) अबूजर (रजि.) यांना स्पष्ट सांगितले की, त्यांच्यात अजून जाहिलियतचा अंश शिल्लक आहे. अबूजर (रजि.) यांनी तो बोल आयुष्यभर विसरला नाही. पुढे त्यांच्या व त्यांच्या सेवकाच्या अंगावर सारखेच वस्त्र दिसे, आणि कुणी कारण विचारले की ते हाच प्रसंग सांगत. आपली चूक ते लपवीत नसत. मुलासमोर ‘‘माझे चुकले’’ म्हणण्याचा आपल्याला एवढा संकोच का वाटावा?

तिसऱ्याला वगळून

आता त्या तीन मैत्रिणींकडे वळू या. त्यांनी अडखळणाऱ्या मुलीची बाजू घेतली, हे उत्तमच केले. परंतु एकीला समोर ठेवून इतरांनी कानात कुजबुजावे, हे योग्य होते का? आदरणीय अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी कथन केलेल्या हदीसमध्ये प्रेषितांची (स.) शिकवण अशी आहे की, तीन माणसे एकत्र असताना दोघांनी तिसऱ्याला सोडून गुप्त बोलू नये. कारणही तेथेच दिले आहे: त्याने तिसऱ्याला दुःख होते. दोघे कदाचित वाईट काहीच बोलत नसतील. तरीही मनाई आहे, कारण तिसऱ्याच्या मनाला लागते. प्राथमिक शाळेतील निम्मी भांडणे या एका शिकवणीने मिटतील, असे मला वाटते. निम्मी हा माझा अंदाज आहे. कोणत्याही शिक्षिकेला विचारून पाहा.

आणि कट्टी? तिचीही मुदत ठरलेली आहे. आदरणीय अबू अय्यूब (रजि.) यांच्या हदीसनुसार आपल्या बांधवाशी तीन दिवसांपेक्षा अधिक अबोला धरणे वैध नाही, आणि दोघांत उत्तम तो जो आधी सलाम करतो. सात-आठ वर्षांच्या मुलावर शरीअतची बंधने लागू होत नाहीत, हे खरे. परंतु नमाजची ताकीद आपण सातव्या वर्षापासून करतो ना? मग गट्टी करण्याची सवय पंचविसाव्या वर्षापर्यंत का लांबवावी? आपल्या समाजात सख्खे भाऊ दहा-दहा वर्षे एकमेकांच्या घरची पायरी चढत नाहीत. त्या अबोल्याचा सरावही कुठेतरी लहानपणीच झालेला असतो.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. ही शिकवण श्रद्धावंतांच्या आपसांतील बंधुत्वाविषयी आहे. माझ्या मुलीने जिला हिणविले, ती दुसऱ्या धर्माच्या घरातील होती. एका सद्‌गृहस्थाने मला हे खरोखरच ऐकविले. उत्तर त्याच सूरहमध्ये, दोनच आयतींनंतर आहे. तेराव्या आयतीत अल्लाह केवळ श्रद्धावंतांना नव्हे, तर सर्व मानवांना संबोधून सांगतो की, तुम्हाला एका पुरुषापासून व एका स्त्रीपासून निर्माण केले आणि तुमचे समूह व वंश बनविले, ते एकमेकांची ओळख व्हावी म्हणून. वर्गातील बाक हे त्या ओळखीचे पहिले ठिकाण आहे.

आपले मूल दुखावले जाते तेव्हा

उलट बाजूही आहे आणि ती टाळून चालणार नाही. कधी आपल्याच मुलाला त्याच्या नावावरून, टोपीवरून, डब्यातील पदार्थावरून कुणी डिवचते. मूल घरी येऊन विचारते, ‘‘अम्मी, आपण वाईट आहोत का?’’ या प्रश्नाने आईचे काळीज फाटते. अशा वेळी दोन चुका होतात. एक, ‘‘सहन कर, बोलू नकोस,’’ असे सांगून मुलाला एकटे पाडणे. दुसरी, त्या एका मुलाच्या अपराधापायी संपूर्ण समाजाविषयी मुलाच्या मनात विष कालविणे. दुसरी चूक अधिक काळ टिकते.

करावयाचे काय, तर शाळेत जावे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ ने बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत व्यवस्थापन समितीचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या जागा स्त्रियांना असतात. आपल्या किती माता-भगिनी या समितीच्या बैठकीला जातात? काय घडले, कोणत्या दिवशी घडले, ते लिहून घ्यावे. प्रथम वर्गशिक्षकांना, मग मुख्याध्यापकांना आणि गरज पडल्यास समितीला सांगावे. संकटातील बालकांसाठी १०९८ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे. शांतपणे, नाव घेऊन, पुन्हा पुन्हा सांगावे. हा हक्क मागताना आपल्या मुलाने कुणाला दुखविले असेल, तर तेही तितक्याच मोकळेपणाने मान्य करावे.

प्रेषितांनी (स.) आपल्या बांधवाला मदत करण्यास सांगितले, मग तो अत्याचारी असो वा पीडित. सहाबींनी विचारले की, अत्याचारी असताना मदत कशी करावी? त्याला अत्याचारापासून रोखणे हीच त्याची मदत, असे उत्तर मिळाले. त्या रात्री मी मुलीला जवळ घेऊन बसलो. प्रथम माझी चूक मान्य केली. मग तिला विचारले की, त्या मुलीला बोलताना किती कष्ट होत असतील. ती बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, ‘‘तिला वाचनाचा तास आवडत नाही. ती पुस्तकामागे तोंड लपविते.’’ म्हणजे तिला सारे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी तिने माफी मागितली. गट्टी लगेच झाली नाही. दोन मैत्रिणी आठवडाभर फुरंगटूनच होत्या आणि मला ते योग्यच वाटले. जिला हिणविले होते, तीच आधी जवळ आली. ती अजूनही आमच्या घरी येते. बोलताना ती अडखळली की, तिचे वाक्य आपण पूर्ण करावयाचे नाही, थांबावयाचे, हे माझ्या मुलीने आम्हा सर्वांना बजावून ठेवले आहे.

फळवाल्याचे खरे नाव मी त्याच आठवड्यात विचारून घेतले. बारा वर्षे मी त्याच्याकडून केळी घेत होतो.