नितळ पाण्यावर भरवसा ठेवू नका

माझ्या धाकट्या बहिणीच्या फिशटँकमधलं पाणी सतत गढूळ दिसायचं. दुकानदाराने बेंटोनाइट मातीची पूड दिली. "नुसती ओता, रात्रीत पाणी नितळेल," एवढंच सांगितलं. पाणी नितळलंही. घरात सगळे खूश! मग एका सकाळी तिचा फोन आला, "दादा, मासे सारखे वर येतायत."

जाऊन बघतो तर गोल्डफिश पाण्याच्या वर तोंड काढून हवा गिळत होते. फिल्टरचा स्पंज काढला. त्यावर राखाडी लगद्याचा थर बसलेला, पाणी आरपार जाईना. अमोनियाची चाचणी घेतली, तर नळीतलं पिवळं राहायला हवं ते पाणी गर्द हिरवं झालं. निम्मं पाणी बदललं, हवेचा पंप वाढवला, तरी सगळे मासे वाचले नाहीत. म्हणून हे कळकळीने लिहितोय.

माती काम करते, यात शंका नाही. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. त्याच्या पातळ पापुद्र्यांवर ऋणभार असतो. अमोनियम धनभारित, म्हणून ते मातीला चिकटतं. तरंगणारे बारीक कणही मातीसोबत गोळा होऊन तळाशी बसतात. पण नायट्राइट आणि नायट्रेट ऋणभारित असतात, त्यांना ही माती धरत नाही. खाली बसलेली घाणही टाकीतच असते, उपसली नाही तर तिथेच कुजते. पाणी खऱ्या अर्थाने शुद्ध राखतात ते फिल्टरमधले जिवाणू, आणि त्यांना प्राणवायू लागतो. स्पंज मातीने बुजला की ते गुदमरतात, अमोनिया चढतो आणि वरून पाणी मात्र छान दिसत राहतं.

तेव्हा माती वापरायचीच असेल तर आधी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. मातीत सुगंध, रंग किंवा इतर काही मिसळलेलं नको. चेहऱ्याला लावायची मुलतानी मातीची पाकिटं टाकीत रिकामी करू नका. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे आणि पाण्याचा जडपणा वाढेल. मग बाटलीभर टाकीच्या पाण्यात थोडी माती ढवळून रात्रभर ठेवा. जड पाण्यात ती लवकर बसते, मृदू पाण्यात बराच वेळ तरंगत राहते.

टाकीत घालताना अगदी थोड्या मातीपासून सुरुवात करा. ती वेगळ्या भांड्यात कालवून, पातळ करून हळूहळू सोडा. हवेचा पंप चालू ठेवा. गाळ बसला की सायफनने तळ उपसा. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळून घ्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. मिथिलीन ब्लूसारखं औषध चालू असताना माती नको, कारण ती औषधही शोषून घेते. मीठ घालायचं असेल तर आधी गाळ काढा, नाहीतर मातीने धरलेलं अमोनियम पुन्हा पाण्यात सुटतं.

आणि मासे वर येऊन हवा गिळताना दिसले, तर माती वाढवू नका. आधी क्लोरीन काढलेल्या पाण्याने थोडं पाणी बदला, खाणं थांबवा आणि अमोनिया मोजा. पाणी कितीही नितळ दिसो, निर्णय चाचणीवरच घ्या.