हवेचे रेणु कां कांपत नाहींत?

नादकाटा वाजवून पाण्यांतील नळी वरखालीं करीत ध्वनीचा वेग काढण्याचा प्रयोग वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. हिशेब करून शून्य अंशावर आणला असतां तो वेग सेकंदास सुमारें ३३१ मीटर येतो. आपण तो वहींत उतरवितों आणि विसरून जातों. पण याच आंकड्यांत एकोणिसाव्या शतकांतील थोर पंडितांना न सुटलेलें एक कोडें दडलेलें आहे.

हवेंत मुख्यत्वें नायट्रोजन व ऑक्सिजन असतात. दोहोंच्या रेणूंत दोन दोन परमाणु. असा रेणु तीन दिशांनीं धांवतो, दोन प्रकारें गिरक्या घेतो, आणि मधला बंध स्प्रिंगेसारखा असल्यानें त्यानें कांपावयासही हवें. जुन्या यंत्रशास्त्राप्रमाणें उष्णतेचा वांटा सर्वांस सारखा. कंपनास तर दुहेरी, कारण त्यांत गति आहे व ताणही आहे. तसें असतें तर हवेच्या दोन विशिष्ट उष्णतांचें गुणोत्तर १.२९ भरलें असतें आणि ध्वनि सेकंदास ३१७ मीटरच चालला असता. प्रत्यक्षांत गुणोत्तर १.४० आहे. उष्णतेच्या या वांटणीची अडचण मॅक्सवेल यांस १८६० पासून बोंचत होती. १९०० सालीं लॉर्ड केल्व्हिन यांनीं भौतिकशास्त्राच्या आकाशांत जे दोन ढग दाखविले, त्यांतील एक हाच.

उलगडा पुंजवादानें केला. कंपनाची शक्ति वाटेल तेवढी घेतां येत नाहीं. ती जिन्याप्रमाणें पायरीपायरीनेंच चढते, आणि कंपन जितकें जलद तितकी पायरी उंच. नायट्रोजनचा बंध फार ताठ. त्याचीं कंपनें सेकंदास सुमारें ७० लक्ष कोटि! खोलीच्या उष्णमानाला रेणूंच्या टकरींत जी शक्ति सामान्यतः हातीं असते, तिच्या अकरा पट ही पायरी उंच आहे. लाखांत एखाददुसराच रेणु ती चढतो. बाकीचे तळाशींच राहतात व उष्णतेचा वांटा घेत नाहींत.

विद्यार्थ्यांनो, येथें मला आपल्याच मथळ्याची दुरुस्ती करावयास हवी. १९२५ सालीं हायझेनबर्ग यांच्या गणितांतून असें निघालें कीं, तळची पायरीदेखील शून्यावर नसून अर्ध्या पायरीइतकी वर आहे. म्हणजे अतिशीत स्थितींतही रेणु कांपतोच. मात्र तें कंपन कोणास काढून घेतां येत नाहीं.

क्लोरिनचे परमाणु जड व बंध सैल. त्याची पायरी केवळ पावणेतीन पट. म्हणून खोलींतच पंधरांतील एक रेणु वर चढलेला असतो, आणि त्याचें गुणोत्तर १.३३ च्या आसपास उतरतें.