रामसेस तिसरा : राजाचा खून झाला होता का?

शिक्षक मित्रहो आणि पालकहो, पिरॅमिड-ममीचा विषय निघाला की मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. पण शेवट लगेच सांगू नका हं!

इजिप्तचा राजा रामसेस तिसरा, काळ इ.स.पू. 1155 च्या सुमाराचा. राणी तिये हिला आपला मुलगा पेंटावेर याला गादीवर बसवायचं होतं. राणीवशातच कट शिजला. इटलीत तुरीनला एक पपायरस आहे, त्यात या खटल्याची नोंद आहे. काही आरोपींची नावं मुद्दाम बिघडवून लिहिलीत. एकाचं तर 'रा देव याचा द्वेष करतो' असं! आरोपी बायकांबरोबर मेजवानी झोडणाऱ्या न्यायाधीशांची नाक-कानं कापली. (इथे वर्ग ओरडतोच.) गादी रामसेस चौथ्याला मिळाली. पण राजा हल्ल्यात मेला की वाचला, हे पपायरस सांगत नाही.

इथे थांबा. मुलांना अंदाज करू द्या आणि प्रत्येकाला एकच विचारा, "कशावरून?"

मग ममीकडे वळा. ती 1881 पासून जगाला माहीत होती, पण गळ्याभोवती कापडाच्या जाड पट्ट्या. सीटी स्कॅन झालं आणि 2012 मध्ये संशोधकांनी जाहीर केलं, की गळा हाडापर्यंत चिरलेला आहे. जखमेत होरसच्या डोळ्याचा ताईतही होता; परलोकात जखम भरावी म्हणून ठेवला असावा.

वार कोणी केला, ते मात्र स्कॅनमध्ये दिसत नाही. 'तियेनेच मारलं' असं वहीत लिहिणाऱ्याला पुन्हा तेच विचारा, "कशावरून?"